मजूरही तेच, मुकादमही तेच: तुरीच्या गाठीपासून बिर-ए विकरापर्यंत

१/२८
बीड जिल्ह्यातील एखाद्या शेतात तुरीचे रोप मुळासकट उपटले, तर बारीक मुळांवर लहान लहान गाठी दिसतात. गाठ फोडल्यावर आत गुलाबी-तांबूस रंग दिसला, तर ती जिवंत आणि कामावर असलेली गाठ समजावी. या गाठींत राहणाऱ्या जिवाणूंना वाढीसाठी काय लागते, हा एक साधा शेतकी प्रश्न होता. त्याचा आणि त्याच्याशी नकळत जोडलेल्या काही प्रश्नांचा माग घेत विसाव्या शतकातील संशोधक एका विलक्षण विकरापर्यंत पोहोचले. हे विकर पेशीत मजुरी करते आणि मुकादमीही करते. त्या शोधाचा हा इतिहास.

२/२८
हरभरा किंवा तूर घेतलेल्या रानात पुढचे पीक जोमाने येते, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मराठीत त्यासाठी ‘बेवड’ हा स्वतंत्र शब्दच आहे. या बेवडाचे कारण प्रयोगाने दाखवले ते जर्मनीतील हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी, १८८६ साली. द्विदल पिके मुळांवरील गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र वापरतात, असे त्यांनी सिद्ध केले. पुढे १८८८ साली डच शास्त्रज्ञ बायेरिंक याने गाठीतील जिवाणू वेगळा करून वाढवला. आज कृषी केंद्रात मिळणारे ‘रायझोबियम’ याच कुळातले.

३/२८
आता १९३३ साल. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या कृषी खात्यातील ॲलिसन, हूव्हर आणि बर्क हे तिघे या गाठींच्या जिवाणूंवर काम करत होते. जिवाणूंना साखर आणि क्षार दिले तरी त्यांची वाढ नीट होईना. मात्र एका अज्ञात पदार्थाचा अंश मिसळताच ते जोमाने वाढू लागत, त्यांचे श्वसनही वेग घेई. या पदार्थाला त्यांनी नाव दिले ‘को-एन्झाइम आर’. पदार्थ कोणता, हे कोणालाच माहीत नव्हते. दप्तरात फक्त नावाची नोंद झाली.

४/२८
अशीच एक नोंद बेल्जियममध्ये बत्तीस वर्षांपूर्वी झाली होती. १९०१ साली लूव्हाँ येथे विल्डिए या संशोधकाने किण्वाचा, म्हणजे यीस्टचा अभ्यास केला. शुद्ध साखर आणि क्षारांवर थोडेसे यीस्ट टाकले तर ते वाढत नाही. त्याला सजीवांकडून येणारे आणखी काहीतरी लागते, असे त्याचे म्हणणे. त्या ‘काहीतरी’ला त्याने ‘बायोस’ म्हटले. ग्रीक भाषेत बायोस म्हणजे जीवन. पुढे कळले की बायोस हा एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचे गाठोडे होते. त्या गाठोड्यातच पुढच्या कथेचा नायक होता.

५/२८
तिसरी नोंद स्वयंपाकघराच्या जवळची. १९२७ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना अंड्याचा कच्चा, वाळवलेला पांढरा बलक मुख्य आहार म्हणून दिला. उंदरांची कातडी सोलवटली, केस गळाले. यकृतासारखे काही पदार्थ दिले की ते बरे होत. पुढे पॉल ग्यॉर्गी यांनी या रक्षक पदार्थाला ‘जीवनसत्त्व एच’ म्हटले. जर्मन भाषेत ‘हाऊट’ म्हणजे त्वचा, त्यावरून हे अक्षर. नाझी सत्तेवर आल्यावर ग्यॉर्गी यांनी जर्मनी सोडली आणि हे संशोधन इंग्लंडमार्गे अमेरिकेत पोहोचले.

६/२८
चौथी नोंद नेदरलँड्समधील उट्रेख्टची. १९३६ साली फ्रिट्झ कोगल आणि त्यांचे सहकारी टोनिस यांनी बदकाच्या अंड्यांचा सुमारे २५० किलो वाळवलेला पिवळा बलक घेतला आणि शुद्धीकरणाच्या अनेक पायऱ्या पार करून त्यातून स्फटिक मिळवले. किती? जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास. यीस्टला वाढवणाऱ्या या पदार्थाला त्यांनी नाव दिले ‘बायोटिन’. अडीच क्विंटल मालातून हाती आलेला हा अंश चिमटीतल्या मिठाहूनही थोडका होता.

७/२८
१९३९-४० या दोन वर्षांत चारही दप्तरे एकमेकांशेजारी आली. मुळांच्या गाठींतले को-एन्झाइम आर, उंदरांच्या कातडीचे जीवनसत्त्व एच आणि यीस्टचे बायोटिन हे एकच द्रव्य असल्याचे दिसून आले. पांढऱ्या बलकाचे कोडेही तेव्हाच उलगडले. त्यात एक प्रथिन असते, ते बायोटिनला घट्ट धरून ठेवते आणि शरीराला मिळू देत नाही. त्याचे नाव ‘ॲव्हिडिन’. अंडे शिजवले की या प्रथिनाची घडी मोडते आणि त्याची पकड सुटते. उकडलेल्या अंड्याने कोणाचे केस गळत नाहीत, ते यामुळे.

८/२८
इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. मोडी कागदपत्रांत एकच व्यक्ती एका ठिकाणी नावाने, दुसऱ्या ठिकाणी हुद्द्याने आणि तिसऱ्या ठिकाणी गावाच्या उपनामाने येते. तिन्ही कागद वेगवेगळ्या रुमालांत बांधलेले असले, तर तीन माणसे होती असाच समज होतो. रुमाल सोडून कागद शेजारी ठेवले, की तीन नावांमागचा एक माणूस दिसू लागतो. बायोटिनच्या बाबतीत हे एकदा घडले. पुढे बायोटिन हाताळणाऱ्या विकराच्या बाबतीत तेच पुन्हा घडणार होते.

९/२८
१९४२ साली न्यूयॉर्कमध्ये विन्सेंट दु व्हिन्यो यांनी बायोटिनची रचना ठरवली. दुसऱ्याच वर्षी मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. हे काम सोपे नव्हते. बायोटिनमधील तीन कार्बन अणूंभोवती उजवी-डावी अशी मांडणी होऊ शकते. त्यातून आठ रूपे संभवतात आणि सजीवांच्या उपयोगी पडते ते एकच. हेच एक रूप मिळवण्याचे आव्हान पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही स्वीकारले. सुभाष चव्हाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली बायोटिनच्या पूर्ण संश्लेषणाचा एक मार्ग प्रसिद्ध केला.

१०/२८
जनुकशास्त्राच्या एका प्रसिद्ध वळणावरही बायोटिन उभे आहे. १९४१ साली बीडल आणि टेटम यांनी न्यूरोस्पोरा या बुरशीवर प्रयोग करून ‘एक जनुक, एक विकर’ या सूत्राचा पाया घातला. ही बुरशी निवडण्याचे एक कारण म्हणजे तिच्या गरजा फार थोड्या होत्या: साखर, क्षार आणि एकच जीवनसत्त्व, ते म्हणजे बायोटिन. ते उपलब्ध झाले नसते, तर हा प्रयोग तेव्हा तसा झाला नसता. एका जनुकाचे एक काम असे मानणाऱ्या या सूत्राला पुढे बायोटिनच्याच कथेने मुरड घातली.

११/२८
बायोटिन पेशीत करते तरी काय? १९५८ साली सलीह वकील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की स्निग्धाम्ले बनवणाऱ्या यंत्रणेत बायोटिनचा सहभाग आहे. लगेच म्युनिकमध्ये फिओडोर लिनेन यांनी त्याची रीत उलगडली. बायोटिन कार्बन डायऑक्साइडचा रेणू उचलते आणि योग्य जागी नेऊन देते. पेशीचे आवरण ज्या स्निग्धाम्लांपासून बनते, त्यांची पहिली पायरी या वाहतुकीवर अवलंबून आहे. बायोटिन नाही तर आवरण नाही, आणि आवरण नाही तर पेशी नाही.

१२/२८
पण सुटे बायोटिन हे काम करू शकत नाही. ते एका ठराविक प्रथिनाला पक्के जोडावे लागते. पाटी डोक्यावर घेतल्याशिवाय माती वाहता येत नाही, तसेच. हे जोडकाम करणारे विकर दोन पायऱ्यांनी चालते. आधी ते पेशीतील ऊर्जाद्रव्य एटीपी वापरून बायोटिनला ‘तयार’ करते. या तयार रूपाचे नाव बायोटिनिल-एएमपी. मग ते रूप वाहक प्रथिनातील लायसिन या घटकावर बसवते. आतड्यातील ‘ई. कोलाय’ या जिवाणूत असे वाहक प्रथिन एकाच प्रकारचे असते. हा झाला मजुराचा भाग.

१३/२८
मुकादमाची कथा पॅरिसमध्ये सुरू होते. १९६१ साली पाश्चर इन्स्टिट्यूटच्या झाकॉब आणि मोनो यांनी जनुकांच्या नियंत्रणाचा सिद्धान्त मांडला. एका कामाची जनुके रांगेने बसलेली असतात. या रांगेला ‘ओपेरॉन’ म्हणतात. रांगेच्या तोंडाशी ‘ऑपरेटर’ नावाची जागा असते. तिथे एक दमनकारी प्रथिन येऊन बसले, की जनुकांचे वाचन थांबते. १९६५ साली ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या सिद्धान्तात एक वाटणी गृहीत होती: विकरे कामे करतात आणि दमनकारी प्रथिने त्यांच्यावर हुकूम चालवतात.

१४/२८
ई. कोलाय स्वतःचे बायोटिन स्वतः बनवू शकतो. त्यासाठी लागणारी जनुके जिथे आहेत, त्याच्या शेजारीच लॅम्डा नावाचा विषाणू जिवाणूच्या गुणसूत्रात मुक्काम करतो. मुक्काम हलवताना कधी कधी तो बायोटिनची जनुकेही सोबत नेतो. संशोधकांना त्याचा मोठाच उपयोग झाला, कारण जनुके वेगळी काढून अभ्यासता आली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ॲलन कॅम्पबेल हे लॅम्डाचे जाणकार. ते बायोटिनकडे वळले. १९७२ साली त्यांच्या गटाने दाखवले, की बायोटिनचा ओपेरॉन मधल्या एका जागेपासून दोन्ही दिशांना वाचला जातो.

१५/२८
१९७२ हे साल मराठवाड्याच्या स्मृतीत दुष्काळाचे साल म्हणून कोरलेले आहे. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. गावोगावी दुष्काळी कामांवर खडी फुटत असताना दूरच्या प्रयोगशाळांत एका जिवाणूची काटकसर तपासली जात होती. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तरी प्रश्नाचे मूळ सारखे होते: साठा थोडा असताना किती बनवायचे, किती वाटायचे आणि कधी थांबायचे, हे कोण ठरवते?

१६/२८
या प्रश्नाचे उत्तर बिघडलेल्या जिवाणूंनी दिले. एका प्रकारच्या उत्परिवर्तित जिवाणूंत बायोटिन मुबलक असूनही कारखाना थांबत नसे. असा जिवाणू पै या संशोधकाने १९७२ साली नोंदवला; न्यूयॉर्कमध्ये मॅक्स आयझेनबर्ग यांच्या गटालाही तसे जिवाणू मिळाले. दमनकारी प्रथिनच बिघडले असावे, असा तर्क होता. त्या जनुकाला नाव मिळाले ‘बायो-आर’. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू कॅम्पबेल यांच्या गटाने १९७२ सालीच वर्णिले होते. त्यांना जगण्यासाठी नेहमीपेक्षा फार जास्त बायोटिन लागे. त्यांतून ‘बिर-ए’ हे नाव आले.

१७/२८
लक्षणे वेगळी, नावे वेगळी, दप्तरे वेगळी. एकीकडे मुकादम हरवलेला, दुसरीकडे मजूर अपंग झालेला. पण जिवाणूच्या गुणसूत्राचा एक नकाशा असतो आणि तो मिनिटांत मोजतात; एका जिवाणूतून दुसऱ्यात गुणसूत्र सरकायला जो वेळ लागतो, त्यावरून हे माप पडले. शंभर मिनिटांच्या या नकाशात बायोटिन बनवणारी जनुके सतराव्या मिनिटाजवळ आहेत. ‘बायो-आर’ आणि ‘बिर-ए’ मात्र त्यांच्यापासून फार दूर, नव्वदाव्या मिनिटाजवळ, आणि एकमेकांच्या अगदी शेजारी सापडले. इतके शेजारी, की दोन घरे आहेत की एकच, हा प्रश्न पडावा.

१८/२८
१९७९ साली ओम प्रकाश आणि आयझेनबर्ग यांनी एक महत्त्वाचा दुवा पुढे आणला. दमनकारी प्रथिनाला ‘आता थांबा’ हा निरोप साधे बायोटिन देत नाही. तो देते बायोटिनिल-एएमपी. म्हणजे जोडकामाच्या पहिल्या पायरीवर तयार होणारे तेच रूप. हा निष्कर्ष वरवर किरकोळ वाटतो, पण त्यात सगळे रहस्य होते. मुकादमाच्या हातातली चिठ्ठी मजुराच्याच हातून लिहिलेली निघाली. मग चिठ्ठी लिहिणारा आणि वाचणारा असे दोघे मानण्याची गरज तरी काय?

१९/२८
१९८१ साली बार्कर आणि कॅम्पबेल यांनी दोन शोधनिबंधांतून उत्तर दिले. बिर-ए जनुकातून तयार होणारे प्रथिन हेच बायोटिन जोडणारे विकर आहे आणि तेच बायोटिन ओपेरॉनचे दमन करते. एकाच जनुकातील काही बिघाडांनी मजुरी बंद पडते, काहींनी मुकादमी, तर काहींनी दोन्ही. पुढच्या वर्षी आयझेनबर्ग, प्रकाश आणि श्युंग यांनी हे प्रथिन शुद्ध करून त्याची दोन्ही कामे परीक्षानळीत दाखवली. दोन रुमालांतली दोन नावे अखेर एका कारभाऱ्याची ठरली.

२०/२८
हा कारभार चालतो कसा? बिर-ए बायोटिन उचलते, त्याला तयार रूप देते आणि ते हाती धरून थांबते. समोर बायोटिन नसलेले वाहक प्रथिन आले, तर ते त्याला जोडून टाकते आणि पुन्हा कामाला लागते. असे वाहक प्रथिन भेटलेच नाही, तर चिठ्ठी हाती घेतलेली दोन बिर-ए एकमेकांशी जोडी करतात. ही जोडी डीएनएवरील ऑपरेटरच्या सुमारे चाळीस अक्षरांच्या जागेवर बसते. दोन्ही दिशांचे वाचन बंद पडते आणि बायोटिनचा कारखाना थांबतो. मागणी पुन्हा वाढली, की जोडी सुटते आणि जो तो आपापल्या कामावर परततो.

२१/२८
म्हणजे हा जिवाणू कोठारात माल किती आहे एवढेच पाहत नाही. दाराशी गिऱ्हाइके किती उभी आहेत, हेही पाहतो. इलिनॉय विद्यापीठातील जॉन क्रोनन यांनी १९८८ साली याची सुंदर परीक्षा घेतली. त्यांनी जिवाणूत बायोटिन घेणारी प्रथिने मुद्दाम भरपूर तयार करवली. बिर-ए त्यांच्या सेवेत गुंतले, ऑपरेटर मोकळा राहिला आणि बायोटिन बनवणारी जनुके जोरात चालू झाली. हुकूम देणारा वेगळा असता, तर मजुरांच्या व्यस्ततेचा त्याच्यावर इतका थेट परिणाम झाला नसता.

२२/२८
१९९२ साली विल्सन, मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने बिर-एची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. ३२१ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचे तीन भाग आहेत. मधल्या भागात जोडकामाचा कट्टा आहे. एका टोकाला डीएनएवर बसणारी विशिष्ट घडी आहे. तशीच घडी अनेक दमनकारी प्रथिनांत आढळते. एकाच देहात कारागिराचा हात आणि हुकमाची मोहोर, दोन्ही दिसले. जनुकांच्या नकाशावरून काढलेल्या अनुमानाला आता डोळ्यांदेखत पुरावा मिळाला.

२३/२८
एक प्रश्न उरला होता. एका वेळी दोन्ही कामे होत नाहीत, ती का? मेरीलँड विद्यापीठातील डोरोथी बेकेट यांनी बिर-एच्या या वळणावर दीर्घकाळ काम केले. २००१ साली त्यांनी मॅथ्यूज यांच्या गटासोबत एक उलगडा सुचवला. बिर-ए दुसऱ्या बिर-एला ज्या पृष्ठभागाने भेटते, त्याच पृष्ठभागाने वाहक प्रथिनालाही भेटते. ऊसतोडीतल्या कामगाराला एकाच हाताने कोयता धरायचा असेल आणि त्याच हाताने हजेरी लिहायची असेल, तर दोन्ही एका क्षणी जमणार नाही. नियमन म्हणून स्वतंत्र यंत्रणा लागली नाही. हात एकच असणे, हेच नियमन.

२४/२८
बीड शहराजवळची खजाना विहीर इथे आठवल्याशिवाय राहत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बांधली गेली. भूमिगत मार्गाने पाणी आत येते आणि भूमिगत मार्गानेच शेतीकडे जाते. दुष्काळातही तिची पातळी फारशी ढळत नाही, अशी तिची ख्याती आहे. स्थिर दिसणारे ते पाणी प्रत्यक्षात सतत वाहते असते. येणे आणि जाणे यांचा मेळ म्हणजेच ती स्थिरता. ई. कोलायमधील बायोटिनचा साठाही तसाच. तिथे हा मेळ राखण्याचे काम एका प्रथिनाच्या दोन भूमिका करतात.

२५/२८
तरीही ही व्यवस्था सर्व जिवाणूंची नाही. तुरीच्या गाठीतील जिवाणू ज्या मोठ्या गटात येतात, त्या अल्फाप्रोटिओबॅक्टेरियांपैकी अनेकांत जोडणाऱ्या विकराला डीएनएवर बसणारे टोकच नसते. तिथे नियमनासाठी ‘बायो-आर’ याच नावाचे एक निराळे प्रथिन असते. २००६ साली रोडिओनोव्ह आणि गेलफँड यांनी जनुकसंचांची संगणकीय तुलना करून ते ओळखले. क्षयाच्या जिवाणूतील बिर-एलाही ते टोक नाही. त्याच्यावर अवधेश सुरोलिया आणि सहकाऱ्यांनी भारतात काम केले आहे. एका गावात पाटील आणि कुलकर्णी वेगळे, दुसऱ्या गावात दोन्ही दप्तरे एकाच्या हाती, असा हा प्रकार.

२६/२८
या संशोधनाचे मोल प्रयोगशाळेच्या भिंतींत मावत नाही. माणसाच्या पेशींतही बायोटिन जोडणारे विकर असते. त्यात जन्मजात बिघाड असेल, तर तान्ह्या बाळाच्या रक्तात आम्ल साचते आणि जिवाला धोका होतो. १९८१ सालीच बरी, स्वीटमन आणि नायहॅन यांनी अशा आजाराचे मूळ या विकरात असल्याचे दाखवले. अशा अनेक बाळांना जास्त मात्रेत बायोटिन दिले की उतार पडतो. १९९५ साली कॅनडातील एका गटाने मानवी जनुक शोधले, ते ई. कोलायच्याच मदतीने: जोडकाम बिघडलेला जिवाणू ज्या मानवी जनुकाने तगला, तेच हवे असलेले जनुक.

२७/२८
बिघडलेल्या बिर-एलाही पुढे काम मिळाले. एका उत्परिवर्तनामुळे त्याची पकड सैल होते आणि तयार बायोटिन आजूबाजूला सांडते. जवळपासच्या प्रथिनांवर त्याची खूण उमटते. २०१२ साली या दोषाचाच उपयोग करून पेशीत कोणते प्रथिन कोणाच्या शेजारी राहते, हे शोधण्याची पद्धत तयार झाली. ती आज जगभर वापरली जाते. जंतुसंसर्गावर औषध शोधणारे गटही या विकराकडे लक्ष्य म्हणून पाहतात, कारण ते बंद पडले की जिवाणूला आपले आवरण घडवता येत नाही. क्षयासारख्या रोगाशी झुंजणाऱ्या देशाला हा विषय परका नाही.

२८/२८
मृगाच्या तोंडावर बीडमधला एखादा शेतकरी गुळाच्या पाण्यात रायझोबियमचे पाकीट कालवून तुरीच्या बियाण्याला चोळतो. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम, ही शिफारस त्याला पाठ असते. १९३३ साली ‘को-एन्झाइम आर’ हे नाव ज्या जिवाणूंमुळे दप्तरात आले, त्यांचेच भाऊबंद त्या मूठभर काळसर पुडीत असतात. त्या एका नावाचा माग घेता घेता बायोटिन सापडले, आणि बायोटिनच्या मागे बिर-ए. दर वेळी अडसर एकच होता: कागदावरची वाटणी निसर्गातही असेलच, हे गृहीत. जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याने दोन नावे दिसली की दोन माणसे मोजण्याआधी दोन्ही रुमाल एकदा शेजारी सोडून पाहावेत. (समाप्त)